डीव्हीडी केली की व्हिडिओचा चिखल का होतोय?

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, डीव्हीडी राईट करताना व्हिडिओची क्वालिटी जात नाही. मला येणारा जवळजवळ प्रत्येक फोन इथूनच सुरू होतो, "स्पीड जास्त ठेवलास काय रे, म्हणून पुसट आलंय", नाहीतर "डिस्क हलकी घेतलीस व्हय". डिस्क हलकी असली तर पिक्चर अडकतो, आवाज तुटतो, प्लेअर घरघर करत बसतो आणि शेवटी नो डिस्क म्हणून मोकळा होतो. पण चेहरे गुळगुळीत झालेत, साडीच्या काठाची नक्षी गायब, कोण हललं की त्याच्या अंगाभोवती चौकोन नाचायलेत, हा जो प्रकार असतो ना, तो डिस्क ट्रेमधे ठेवायच्या आधीच होऊन गेलेला असतो. राईट करणं म्हणजे तयार फाईल जशी आहे तशी डिस्कवर उतरवणं, बास.

"डीव्हीडी कोण बघतंय आता" म्हणणारे म्हणणारच, त्यांना माझा नमस्कार. आमची आत्या कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत राहते, तिनं टीव्ही नवा घेतला, ४३ इंची फोर-के, पण त्याच्या शेजारी जुना डीव्हीडी प्लेअर तसाच आहे कारण त्या रिमोटवरचं प्ले आणि स्टॉप तिला चष्म्याशिवाय सापडतं. पेनड्राईव्ह दिला तर तो मेन्यू, ते फोल्डर, ते सोर्स बदलणं, नको म्हणते. तिला पाहिजे होतं काय तर घरातल्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी, चुलतभावाचं लग्न, तात्यांची एकसष्टी, जोतिबाची यात्रा, सगळं एका डिस्कवर. एकाच डिस्कवर, यावर जोर होता. एका दुकानातून तिनं ते करूनही आणलं होतं आणि मग ती डिस्क माझ्याकडं आली, सोबत निरोप, "तोंडं कुणाचीच ओळखू येईनात बघ, जरा काय होतंय का बघतोस?"

डिस्क कॉम्प्युटरमधे घातली आणि लांबी बघितली, साडेतीन तास! म्हणल्यावर दुकानदाराला तरी काय बोलायचं, गिऱ्हाईकानं एकाच डिस्कवर पाहिजे म्हणून सांगितलं, त्यानं बसवून दिलं. पण बसवलं म्हणजे काय केलं हे तिला कुणी सांगितलं नाही, तेवढंच माझं म्हणणं आहे.

साध्या म्हणजे सिंगल लेयर डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. कॉम्प्युटर ते ४.३८ दाखवतो, त्यात फसवाफसवी नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. आता ही जागा ठरलेली आहे, त्यात तुम्ही किती वेळाचा व्हिडिओ घालता त्यावर प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला किती डेटा येणार ते ठरतं, यालाच बिटरेट म्हणतात. एक तास घातला तर सेकंदाला साधारण १० मेगाबिट वाट्याला येतात (व्हिडिओला ९.८ च्या वर डीव्हीडीच्या नियमात चालतच नाही, त्यामुळं एका तासाला जागेची काळजीच नाही), दोन तास घातले तर ५.२, तीन तासाला ३.५ आणि साडेतीनला ३ च्या पण खाली. दोन किलो मटणाचा तांबडा रस्सा वीस माणसांना झ्याक होतो, पंगतीला सत्तर बसली की पातेल्यात पाणीच ओतावं लागतं, रंग तांबडाच राहतो पण रस्सा काय राहत नाही. तेच इथं. सॉफ्टवेअरमधे "फिट टू डिस्क" नावाचा जो ऑप्शन असतो तो हे पाणी ओतायचं काम गुपचूप करतो, विचारत पण नाही.

आणि वर दिलेल्या आकड्यात आवाज पण आला हे लक्षात ठेवा. काही सॉफ्टवेअर आवाज पीसीएममधे ठेवतात, म्हणजे न दाबलेला, तो एकटाच सेकंदाला १.५ मेगाबिट खातो. तीन तासाच्या डिस्कमधे ३.५ पैकी १.५ आवाजाला गेले तर पिक्चरला उरलं काय? आणि आवाज कसला, तर व्हीएचएसच्या मोनो ट्रॅकवरचा बॅन्जो आणि मागं कुणीतरी "वहिनी इकडं बघा" म्हणून ओरडतंय तो. त्याला एसी-३ मधे, म्हणजे दाबलेल्या आवाजाच्या प्रकारात, १९२ किलोबिट (०.२ मेगाबिटपेक्षा कमीच) रग्गड झाले. डिस्क नीट दिसत नाही म्हणून कोण आलं की मी पहिल्यांदा हेच बघतो, मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाईल टाकली की व्हिडिओ किती, आवाज किती, सगळं समोर येतं.

पण तीन मेगाबिटमधे सगळ्याच गोष्टी सारख्या खराब होत नाहीत, आणि इथं खरी मजा आहे. आत्याच्या डिस्कवर एकसष्टीचा भाग बऱ्यापैकी दिसत होता, माणसं खुर्चीत बसलेली, कॅमेरा स्टँडवर, भाषणं चालू. लग्नाचा भाग त्याहून वाईट. आणि जोतिबाचा भाग म्हणजे नुसता गुलाबी चौकोनांचा ढीग. चैत्र यात्रेला गेलेल्यांना सांगायला नको, सासनकाठ्या नाचत असतात, वरून गुलाल आणि खोबऱ्याची उधळण, अख्खा डोंगर गुलाबी. डीव्हीडीचा व्हिडिओ एमपेग-२ मधे असतो आणि एमपेग-२ ची मोठी बचत एका गोष्टीवर चालते, मागच्या फ्रेममधे जे होतं तेच या फ्रेममधे थोडं सरकून असणार, म्हणून पूर्ण चित्र परत न ठेवता फक्त "हा तुकडा इतका सरकला" एवढंच लिहून ठेवायचं. खुर्चीत बसलेल्या तात्यांना हे मस्त लागू पडतं. गुलालाला पडतच नाही! हवेतला प्रत्येक कण दर फ्रेमला वेगळ्या जागी, मागचं काहीच पुढं चालत नाही, त्यामुळं एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ दाबणाऱ्या सॉफ्टवेअरला, प्रत्येक फ्रेम नव्यानं लिहावी लागते आणि नेमके तेव्हाच बिट कमी पडतात. मग तो काय करतो, ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनात सगळा बारकावा पुसून एकच रंग फासतो. मी तो सीन थांबवून एकेक फ्रेम पुढं सरकवत बघितला, पालखीजवळ एक म्हातारे गृहस्थ हात वर करून उभे आहेत, मूळ कॅसेटवर त्यांच्या मिशीला लागलेला गुलाल दिसतो, डिस्कवर त्यांच्या चेहऱ्याचे मोजून सात-आठ चौकोन. रंकाळ्याच्या पाण्यावरच्या लाटा, पाऊस, पंचगंगेच्या घाटावरचे दिवे आणि त्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब, हे सगळं याच जातीतलं.

वर आणि लाल-गुलाबी रंगाचा वेगळा त्रास आहे. डीव्हीडीत चित्राचा उजेड-अंधार ७२० बाय ५७६ मधे साठवतात पण रंग मात्र आडवा-उभा दोन्हीकडून निम्मा, म्हणजे ३६० बाय २८८ मधेच. डोळ्याला रंगातला बारकावा कमी कळतो म्हणून हे चालून जातं, पण भडक लाल शालू, कुंकू, गुलाल यांच्या कडा पसरल्यागत दिसतात ते यामुळं. व्हीएचएसवर रंग आधीच फार मोघम रेकॉर्ड झालेला असतो, त्यात हे. त्यामुळं नवरीचा शालू कडेनं सांडल्यासारखा दिसत असेल तर सेटिंग बदलत बसू नका, ते तसंच दिसणार.

मग माझा नियम काय, हातात कॅमेरा धरून काढलेलं काहीही असेल, लग्न-वरात-यात्रा, तर एका डिस्कवर दीड तासाच्या वर घालायचं नाही. दीड तासाला आवाज वगळून साडेसहाच्या आसपास मेगाबिट मिळतात आणि तेवढ्यात गुलाल पण धरतो. बिटरेट टू-पास व्हीबीआर ठेवायचा, म्हणजे एन्कोडर आधी एकदा सगळं बघून घेतो कुठं तात्या बसलेत आणि कुठं गुलाल उडतोय, आणि मग दुसऱ्या फेरीत भाषणातले वाचवलेले बिट यात्रेला देतो. वेळ दुप्पट लागतो, लागू दे की, रात्री लावून झोपायचं.

आता "एकाच डिस्कवर" चं काय. व्हीएचएसची ई-१८० कॅसेट तीन तासाची असते, एक कॅसेट एक डिस्क हा हिशोब सगळ्यांच्याच डोक्यात बसलेला असतो, आत्याचं चुकलं असं नाही. त्यावर एक जुनी युक्ती आहे जी आता फारसं कुणी सांगत नाही. डीव्हीडीच्या नियमात ७२० बाय ५७६ सोडून ३५२ बाय ५७६ हा साईज पण बसतो, हाफ डी-वन म्हणतात त्याला. व्हीएचएसचा आडवा बारकावा मुळात २४० रेषांच्या आसपास, म्हणजे ७२० पिक्सेल रुंद ठेवून आपण निम्मी जागा कशाला देतोय तर टेपवर नसलेल्याच बारकाव्याला. रुंदी ३५२ केली की पिक्सेल निम्मे, तोच तीन मेगाबिट जवळजवळ दुप्पट पुरतो आणि डोळ्याला फरक फारसा कळत नाही, प्लेअर आपोआप ताणून बरोबर दाखवतो. फक्त उंची ५७६ च ठेवायची. ३५२ बाय २८८ केलंत तर ती व्हीसीडी झाली, आणि व्हीसीडी कशी दिसायची ते ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे.

दरवेळी बिटरेटच चोर असतो असंही नाही. म्हणून कुणाचं काहीही आलं तरी मी आधी सेटिंगला हात लावत नाही, क्वालिटी नेमकी कुठल्या टप्प्यावर गेली ते शोधतो. मूळ फाईल पेनड्राईव्हवर घालून त्याच टीव्हीवर लावायची जिथं डीव्हीडी खराब दिसते. मग डिस्कवरच्या व्हिडिओ-टीएस फोल्डरमधल्या व्हीओबी फाईली पेनड्राईव्हवर घेऊन त्याच टीव्हीवर. मग प्लेअरमधनं डिस्क. मूळ फाईल चांगली आणि व्हीओबी खराब, तर एन्कोडिंगमधे गेलं. व्हीओबी चांगली आणि प्लेअरमधनं खराब, तर प्लेअर, केबल नाहीतर टीव्हीचं सेटिंग. मूळ फाईलच खराब, तर कॅप्चर, म्हणजे कॅसेटवरनं कॉम्प्युटरवर घेताना गेलं. एवढं केलं की निम्म्या लोकांचा प्रश्न तिथंच सुटतो कारण ते चुकीच्या ठिकाणी झटत असतात, लॅपटॉपच्या १५ इंची स्क्रीनवर मूळ बघायचं आणि ४३ इंची टीव्हीवर डीव्हीडी बघायची आणि म्हणायचं क्वालिटी गेली!

हा टीव्हीचा हिशोब एकदा करूनच बघा. आपल्याकडची पाल (टीव्हीच्या जुन्या पद्धतीचं नाव) डीव्हीडी म्हणजे ७२० गुणिले ५७६, चार लाख चौदा हजार सातशे वीस पिक्सेल. फुल एचडी याच्या बरोब्बर पाचपट आहे आणि फोर-के वीसपट. म्हणजे आत्याच्या टीव्हीवर डिस्कमधल्या एका पिक्सेलचे वीस करून दाखवले जातात, एकोणीस पिक्सेल टीव्ही स्वतःच्या मनानं भरतो. जुन्या २१ इंची डबा टीव्हीवर जी डिस्क कडक दिसायची ती इथं पुसट दिसणारच, आणि हे कुठल्याच सॉफ्टवेअरनं जाणार नाही. पण यात दोन गोष्टी आपल्या हातात असतात. एक, प्लेअरला एचडीएमआय असेल तर ती वापरा, लाल-पांढरी-पिवळी वायर नको. त्या एकट्या पिवळ्या वायरीतनं उजेड आणि रंग एकत्र कोंबून पाठवलेले असतात आणि टीव्ही ते परत वेगळे करताना बारीक रेघांवर रंगाचे किडे वळवळायला लागतात, चौकडीच्या शर्टावर तर हमखास. दोन, टीव्हीचं शार्पनेस खाली आणा आणि डायनॅमिक की व्हिव्हिड जे काय पिक्चर मोड असेल ते बंद करा. शार्पनेस वाढवलं की चौकोनांच्या कडा आणखी उठून दिसतात, चेहरे नाही. आत्याकडं मागं बघितलं तर एचडीएमआयचं भोक प्लेअरला होतं, वायर कुणी लावली नव्हती. ती वायर लावल्यावर आत्याचे यजमान खुर्चीतनं उठून जवळ आले, "हे आधी का नाही केलं कुणी" म्हणाले. मी म्हणलं, मामा, आधी कुणी मागं वाकून बघितलंच नाही.

कॅप्चरच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे, इथं एकदा गेलं की पुढं कुठंच परत येत नाही, आणि लोक सगळ्यात कमी वेळ इथंच देतात.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपाटातल्या कॅसेटी म्हणजे बुरशीला आमंत्रण. कॅसेटच्या खिडकीतनं रिळाकडं उजेडात तिरकं धरून बघा, काळ्या टेपच्या कडेला पांढरे ठिपके किंवा पांढरट थर दिसला तर ती कॅसेट व्हीसीआरमधे घालायचीच नाही. ती बुरशी हेडला लागते, पुढची चांगली कॅसेट घातली की तिला लागते, आणि टेप चिकटलेली असली तर तुटते पण. ती आधी साफ करणाऱ्याकडं द्या. बाकी कॅसेटी लावायच्या आधी व्हीसीआरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्यायचं, कानातल्या कापसाच्या काडीनं नाही कारण कापसाचे धागे हेडमधे अडकतात, शॅमॉय लेदरचा तुकडा हेडच्या ड्रमला नुसता टेकवून ड्रम बोटानं हळू फिरवायचा, तुकडा खालीवर घासायचा नाही. नंतर ट्रॅकिंग, प्रत्येक कॅसेटला वेगळं. पिक्चरवर पांढऱ्या रेघा येत असतील तर लोक लगेच "टेपच गेली" म्हणतात, बऱ्याचदा ट्रॅकिंगचं बटण फिरवायचा कंटाळा असतो एवढंच.

मग ती यूएसबीची छोटी कॅप्चर डोंगल. वाईट नाहीत सगळी, पण तिच्याबरोबर आलेलं सॉफ्टवेअर बहुतेकदा थेट एमपेगमधेच रेकॉर्ड करतं आणि ते पण कमी बिटरेटला, मग ते डीव्हीडीला परत एकदा एन्कोड होतं, म्हणजे दोनदा दाबलं. त्यापेक्षा व्हर्च्युअलडब नावाच्या सॉफ्टवेअरनं हफयूव्ही किंवा लॅगरिथ या लॉसलेस, म्हणजे काहीच न गमावणाऱ्या, कोडेकमधे घ्या, तासाला पंचवीस-तीस जीबी जातात, हार्डडिस्क मोकळी करा. ब्राईटनेस-कॉन्ट्रास्ट कॅप्चर करतानाच बघून घ्या, कारण ही डोंगल पांढऱ्याचा पार चुना करतात, फेटा बांधलेल्या माणसाच्या फेट्याच्या घड्याच दिसत नाहीत, आणि एकदा जळालेला पांढरा नंतर किती पण अंधार केला तरी घड्या काय परत येत नाहीत. आणि फ्रेमच्या तळाला जी फाटकी थरथरती पट्टी येते ना, ती बिघाड नाही, व्हीसीआरचं एक हेड सुटून दुसरं टेपवर येतं त्या जागेची ती खूण. जुने टीव्ही फ्रेमची कड लपवायचे म्हणून दिसायची नाही. तिच्यावर काळी पट्टी मारून टाका, बघायला पण बरं आणि त्या थरथरीवर जाणारे बिट वाचतात.

मिनीडीव्ही कॅसेट असेल तर वेगळी गोष्ट, त्यात आधीच डिजिटल डेटा आहे, सेकंदाला २५ मेगाबिटनं, तो फायरवायर नावाच्या वेगळ्या केबलनं जसाच्या तसा कॉम्प्युटरवर येतो, तासाला १३ जीबी. इथं लोक काय करतात, कॅमेऱ्याला यूएसबी पण असते म्हणून ती लावतात, आणि बऱ्याच कॅमेऱ्यात ती यूएसबी फोटो आणि वेबकॅमसाठी दिलेली असते, व्हिडिओ बारका आणि अडखळत येतो. मग म्हणतात कॅमेराच भंगार. तोच कॅमेरा फायरवायरनं लावा आणि बघा.

आता सगळ्यात डोकं खाणारा प्रकार, फील्ड. व्हीएचएस असो की मिनीडीव्ही, पालमधे सेकंदाला २५ फ्रेम असतात पण प्रत्येक फ्रेम दोन फील्डची, एकात विषम रेषा, दुसऱ्यात सम, आणि दोन्ही वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या. म्हणजे हालचाल सेकंदाला ५० वेळा. कॉम्प्युटरवर दोन्ही एकदम दाखवले की हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा येतात. त्या बघून लोक घाबरतात आणि डीइंटरलेस, म्हणजे दोन फील्डची सलग फ्रेम, करून टाकतात, स्वस्त पद्धतीनं, जी एक फील्ड सरळ फेकून देते. झालं, ५७६ रेषांच्या २८८ राहिल्या आणि ५० चे २५ झाले. डीव्हीडीला त्या रेघा घालवायची गरजच नाही, डीव्हीडीला इंटरलेस्ड, म्हणजे दोन फील्डचा व्हिडिओ चालतोच, प्लेअर आणि टीव्ही त्यांचं ते बघून घेतात. कॉम्प्युटरवर बघायचं असेल तर व्हीएलसीत डी दाबलं की तेवढ्यापुरत्या जातात. आणि इंटरलेस्ड व्हिडिओची उंची चुकून पण बदलू नका, ५७६ चं ४८० वगैरे, दोन फील्डच्या रेषा एकमेकात कालवल्या जातात आणि मग ते कुणालाच सोडवता येत नाही.

दुसरी भानगड म्हणजे कुठली फील्ड आधी. मिनीडीव्हीत खालची आधी असते, बहुतेक कॅप्चर कार्डात वरची आधी. सॉफ्टवेअरला उलटं सांगितलं गेलं की पिक्चर थांबवल्यावर एकदम स्वच्छ दिसतो आणि चालू केला की थरथरतो. मला हे ओळखायला सगळ्यात उपयोगी पडली ती शिवजयंतीच्या मिरवणुकीतल्या मर्दानी खेळाची क्लिप. एक पोरगी लाठी फिरवतेय, चक्क गरागरा, आणि त्या डीव्हीडीवर लाठी पुढं जायची, किंचित मागं यायची, परत पुढं. उभी राहिलेली माणसं ठीकठाक, फक्त लाठी आणि तिचे हात असे झटके खात होते. क्लिप ज्याची होती तो पोरगा म्हणत होता प्लेअर बदलतो. मीडियाइन्फोत मूळ फाईलला बॉटम फील्ड फर्स्ट आणि व्हीओबीला टॉप, तेवढं डीव्हीडीस्टायलर या डीव्हीडी बनवायच्या सॉफ्टवेअरमधे बदललं, लाठी सरळ फिरायला लागली. तुमच्याकडं असा झटपट हालचालीचा एखादा तुकडा असेल तर सगळा व्हिडिओ एन्कोड करायच्या आधी तेवढा अर्धा मिनिट करून रीरायटेबल डिस्कवर टाकून बघा, लेझीम असो, फुगडी असो, काही पण.

मोबाईलवरच्या व्हिडिओचं थोडक्यात सांगतो. व्हॉट्सॲपवरनं आलेला व्हिडिओ डीव्हीडीला वापरू नका, तो आधीच दाबलेला असतो, पाठवणाऱ्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मोबाईल ३० फ्रेमनं शूट करतो आणि पाल २५, म्हणजे सेकंदाला पाच फ्रेम गाळल्या जातात, कॅमेरा आडवा फिरवलेला असेल तिथं चालताना पाय अडखळल्यागत दिसतं. सगळंच मोबाईलचं असेल तर सरळ एनटीएससी, म्हणजे अमेरिकेकडच्या ३० च्या आसपास फ्रेमच्या पद्धतीची, डीव्हीडी करा, रेषा ५७६ ऐवजी ४८० मिळतात पण हालचाल गुळगुळीत येते आणि आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही चालवतात. त्यात मोबाईलचा फ्रेमरेट कमी उजेडात आपोआप खालीवर होतो, म्हणून आधी एकदा ठरलेल्या फ्रेमरेटला बदलून घ्या नाहीतर शेवटी शेवटी मंगलाष्टका भटजींच्या तोंडाशी जुळत नाहीत. आणि उभा धरून काढलेला व्हिडिओ, त्याला माझ्याकडं उपाय नाही. १६:९ च्या डीव्हीडीत उभा व्हिडिओ पूर्ण बसवला तर ७२० पैकी जेमतेम २२८ पिक्सेल रुंदी त्याच्या वाट्याला येते, बाकी दोन्ही बाजूला काळं. ज्या गावात बाबुराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा घडवला, ज्या गावात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, तिथली पोरं बहिणीचं लग्न उभ्या मोबाईलनं काढतात, काय बोलायचं.

सगळे जाडे दिसत असतील तर क्वालिटी गेलेली नाही, ४:३ चं १६:९ म्हणून ताणलंय, ऑथरिंग करताना, म्हणजे सॉफ्टवेअरमधे डीव्हीडी तयार करताना, ॲस्पेक्ट (रुंदी-उंचीचं प्रमाण) बघा नाहीतर टीव्हीच्या रिमोटवर झूमचं बटण आहे.

आणि मूळ कॅसेट हरवलीय, हातात फक्त दुकानातनं आलेली डीव्हीडी आहे असं असेल, तर ती परत एन्कोड होऊ द्यायची नाही. नुसतं पुढचं-मागचं कापायचं असेल तर ॲव्हिडेमक्स नावाच्या सॉफ्टवेअरमधे व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्ही कॉपीवर ठेवून कापा, फक्त कट की-फ्रेमवर, म्हणजे पूर्ण लिहिलेल्या फ्रेमवर, पडेल एवढी काळजी घ्या, म्हणजे एक पिक्सेल बदलत नाही. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरनं डीव्हीडीची एमपी-४ करायची आणि ती परत डीव्हीडीस्टायलरमधे टाकून डीव्हीडी करायची, असलं काही जण करतात, दोनदा दाबून वर मेन्यूला फुलंबिलं लावतात. ८.५ जीबीची ड्युअल लेयर डिस्क साध्या डिस्कवर कॉपी केली तरी तीच गत, सॉफ्टवेअर निम्मं पिळून काढतं. तिथं सरळ दोन डिस्क करा.

आत्याच्या शेवटी तीन डिस्क झाल्या. लग्न आणि यात्रा पूर्ण साईजमधे वेगवेगळ्या, एकसष्टी हाफ डी-वनमधे कारण साडेतीन तासातला मोठा वाटा भाषणांचाच होता आणि त्यात हलत काहीच नव्हतं. तीन बघून कुरकुर केली तिनं, "एकावर मागितलं होतं की रे". मग यात्रेची लावली, त्या मिशीवाल्या गृहस्थांपाशी आल्यावर "अगं बाई, हे तर गल्लीतले आण्णा" म्हणून शेजारच्या काकूंना हाक मारायला गेली. मी तेवढ्यात तिन्हीवर मार्करनं नावं लिहून टाकली. डिस्क राईट करायच्या इमेजबर्न सॉफ्टवेअरमधे व्हेरिफाय चालू ठेवलं होतं, तुम्ही पण ठेवा, डिस्क नीट लिहिली गेली का ते लगेच कळतं. लॉसलेस फाईली मी एका एक्स्टर्नल डिस्कवर ठेवल्यात, नवी डिस्क लागली तर त्यातनं करायची, डीव्हीडीवरनं डीव्हीडी नाही.

आता माझ्याकडं मामांच्या हाय-एट, म्हणजे जुन्या छोट्या कॅमेऱ्याच्या, कॅसेटी आल्यात, पंधरा-वीस असतील, आणि त्यांचा कॅमेरा सुरूच होईना. काही डिजिटल-एट कॅमेरे जुन्या हाय-एट कॅसेटी वाजवतात आणि थेट फायरवायरनं बाहेर देतात, तसा चालू कॅमेरा राजारामपुरी, शाहूपुरी, लक्ष्मीपुरीत कुणाच्या माळ्यावर पडला असेल तर कमेंटमधे सांगा, चार दिवसासाठी नेतो, तुमच्या पण कॅसेटी त्यातच करून देतो. पावसाच्या आधी मिळाला तर बरं होईल.